मोडायची सीडी

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, गॅरेजांच्या रांगेत आमचं ऑफिस. बाहेर दिवसभर पत्रे ठोकायचे, आत एसी घरघरायचा. काम एकच: एका कॉलेजची इलेक्ट्रॉनिक जर्नल्स जपणं. छापील अंक नाहीच, सगळं सीडीवर. सीडीही नासते, म्हणून दरवर्षी नवी प्रत काढायची. मशीन प्रत्येक फाइलचा एक आकडा काढतं. फाइलमध्ये टिंब बदललं तरी आकडा बदलतो. आकडा जुळला की जुनी सीडी मोडायची. दोन राहिल्या तर पुढे घोळ होतो म्हणे. नियम विजयकुमार साहेबांचा, हात माझे. मोठमोठे विद्वान जगभर लिहितात आणि ते टिकवतो आमच्यासारखा बारावी नापास. असो.

१९९९ साली हव्वाबी आल्या. रत्नागिरीकडच्या. नवरा हमीद समुद्री जिवांवर संशोधन करायचा. इथल्याच कलबा गावाच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला. ज्या जर्नलात त्याचा लेख आला ते बंद पडलं. लेख उरला आमच्याकडे, सोबत रेकॉर्डिंग: खाडीच्या चिखलात कोळंबी टिचक्या वाजवते, त्याचं.

"भाऊ, घरात फोटू हायत. आवाज नाय."

लावलं. आधी इंग्रजीत नाव, जागा. मग स्वतःशीच, "भरती लागली." मग टिचक्या. हव्वाबींनी ओढणी तोंडात धरली.

त्या गेल्यावर नवी प्रत काढली, आकडा जुळला, जुनी सीडी मोडली. कट्ट.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, मी भाऊच. रेकॉर्डिंग लावलं. "भरती लागली." टिचक्या. आणि टिचक्यांच्या मध्येच, कट्ट.

हे आधी नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं.

आकडा पाहिला. गेल्या वर्षीचाच.

"कोळंबीच असेल, दत्ताराम," साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"कोळंबी प्लास्टिक मोडते का, साहेब?"

"मग जुनी लावून बघ."

जुनी मीच मोडलेली. माझंच डोकं फिरलंय का, तेही कळेना. नियमाप्रमाणे त्या वर्षीचीही मोडली.

२००१ ला कॉलेजनं काम काढून घेतलं. "खलास, दत्ताराम. सगळं मोडून टाक. यल्ला, चल लवकर."

"साहेब, दुसरीकडे कुठे प्रत नाही."

"कुणी वाचतं का ते?"

ज्यानं कधी एक पान वाचलं नाही त्यानं हे विचारायचं! दुपारभर मोडत बसलो. कट्ट, कट्ट, डबा भरला. हमीदची तेवढी खिशात घातली आणि हव्वाबींना फोन केला. साहेब नमाजाला गेलेल्या ड्रायव्हरला शोधत बाहेर होते, तेवढ्यात त्या आल्या.

"घेऊन जा, भाभी. पण एकदा ऐकून खात्री करा."

सीडी लावून शेवटचा एकदा आकडा पाहिला. तोच. हेडफोन त्यांच्या कानावर दिला.

त्या हसल्या. मान हलवली. भरती लागली असणार.

मग हसू थांबलं.

त्यांनी एक कान मोकळा केला.

"भाऊ, ह्यो दत्ताराम कोन?"

मी तुकड्यांच्या डब्याकडे पाहिलं.

"हे सारखे त्यालाच सांगतायत. हलू मोड म्हणून."