तांबूची चौदावी उडी

कुणाल, आत्ता आईला काय म्हणालास तू? "उद्या नक्की करतो, इन्शाल्ला." हसतोस काय? इथल्या लोकांच्या तोंडी तो शब्द येतो तेव्हा त्यात देवाचं नाव असतं. आपण मेले वापरतो तो नुसता टाळायला. मी या देशात चाळीस वर्षं काढली आहेत, मला शिकवू नकोस. असं टाळलेलं कधीकधी माणसाच्या मागे लागतं. ये, बस इथे. पर्णिका, बाल्कनीचं दार ओढून घे, वाऱ्याने वाजतंय. दिवा राहू दे. मला नाही लागत, तुम्हाला लागेल.

तुमच्या बापाचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. दुबईबाहेर जबल अलीला माझी गवताची वखार होती. लसूणघास, ओट, कोंडा, सगळ्या तबेल्यांना माल आपलाच. वखारीच्या मागे, वाळूत बराच आत, हार्पर नावाच्या एका म्हाताऱ्या इंग्रजाचा खासगी तबेला होता. सात-आठ घोडे. आणि तिथे मोतद्दार होता भिकाजी. दापोलीकडचा. उमेदीची वर्षं त्याने पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांना खरारा करण्यात घालवली आणि मग इकडे आला. माणूस सरळ. घोड्याच्या पाठीवर मात्र आयुष्यात बसला नव्हता. म्हणायचा, "शेट, आपण घोड्याच्या बाजूनं चालणारी मानसं. वर बसणारे येगळे."

त्याचा जीव एका घोड्यावर. कागदोपत्री नाव कॉपर लेन, भिकाजी म्हणायचा तांबू. तांबूस रंग, पुढचा डावा पाय तेवढा गुडघ्यापासून खाली पांढरा. हा घोडा इंग्लंडच्या त्या मोठ्या शर्यतीत धावला होता. ग्रँड नॅशनल. नुसतं पळायचं नाही, उंच उंच कुंपणांवरून उड्या मारत जायचं. पहिल्या फेरीत सोळा, दुसऱ्या फेरीत चौदा.

हार्परसाहेबाला त्या शर्यतीचं वेडच. संध्याकाळी व्हिडिओ लावून बसायचा आणि जुने निकाल मोठ्याने म्हणायचा. शेजारी भिकाजी उकिडवा. इंग्रजी ओ का ठो येत नव्हतं, पण ऐकून ऐकून त्याला ते निकाल पाढ्यांसारखे पाठ झाले होते. ब्याण्णव, पार्टी पॉलिटिक्स. चौऱ्याण्णव, मिनेहोमा. पंच्याण्णव, रॉयल ॲथलीट. मधल्या त्र्याण्णवला साहेब गप्प बसायचा. भिकाजीही गप्प बसायचा.

"व्हाय? हू वन?"

कुणीच नाही रे. त्या वर्षी सुरुवातच फसली. सुरुवातीची दोरी एका जॉकीच्या गळ्यात अडकली, थांबा म्हणून खूण करायची ती पुढच्यांना दिसलीच नाही. सुटले ते सुटलेच. काही जण पूर्ण धावले, काहींनी एक फेरी झाल्यावर लगाम खेचले. शेवटी जाहीर झालं, शर्यत रद्द. धरायचीच नाही. आपला तांबू त्यात होता. पहिली फेरी झकास मारली आणि दुसरीला वळणार तोच त्याला थांबवलं. त्यानंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही. साहेबाने त्याला इकडे आणलं.

साहेब भिकाजीला मोडक्या हिंदीत एक गोष्ट नेहमी सांगायचा. स्वार पडला आणि घोडा एकटाच सगळ्यांच्या पुढे आला, तरी निकालात त्याचं नाव लागत नाही. पाठीवर माणूस पाहिजे. हे लक्षात ठेवा.

सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तांबू गेला. पोटशूळ उठला. भिकाजी रात्रभर त्याला फिरवत होता. पहाटे घोडा आडवा झाला तो उठला नाही. तबेल्याच्या मागेच पुरला. घरचं माणूस गेल्यासारखा रडला भिकाजी. मी समजूत घालायला गेलो तर म्हणतो, "शेट, त्याची अर्धी राह्यली हो."

मग आली सर्वपित्री अमावास्या. एक ऑक्टोबर, बुधवार. सकाळी भिकाजी वखारीत आला, माझी गाडी बर दुबईला निघाली होती, म्हणाला, देवळाजवळून केळीची पानं आणायला सांगा. पाच दिरहम लागले. तेव्हाचे पन्नास रुपये, पानांना! पण माणूस परमुलखात आईबापाचं पान चुकवत नाही म्हटल्यावर बरं वाटलं. मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

दुपारी त्याने भात, वडे, खीर केली. आईबापाचं पान भिंतीवर ठेवलं. इथे कावळ्यांना तोटा नाही, ठेवल्या ठेवल्या उचललं. मग त्याने दुसरं पान मांडलं. ओट आणि गुळाचा खडा. तांबूचं.

त्याच्याबरोबर नूरुद्दीन म्हणून हैदराबादचा पोरगा होता कामाला. तो हसायला लागला. "चाचा, घोड़े का श्राद्ध?"

"तू गप."

कावळे आले. कठड्यावर रांगेत बसले. पानाकडे बघत होते, पण एकही पुढे होईना.

"आजोबा, मेबी दे जस्ट डोन्ट लाइक ओट्स."

असेल बाई. पण आपल्यात काय करतात ठाऊक आहे? कावळा शिवत नसेल तर गेलेल्याची इच्छा राहिली आहे असं समजतात. मग मागे राहिलेली माणसं मोठ्याने शब्द देतात. पोरांचं करीन, घर सांभाळीन. नेमकं ते निघालं की कावळा शिवतो. भिकाजीने हात जोडले. म्हणाला, साहेबाला जपीन. कावळे हलले नाहीत. म्हणाला, तुझ्या जागेवर दुसरा घोडा बांधू देणार नाय. तरी नाही. ऊन चढलेलं, पान सुकायला लागलेलं. भिकाजीचा जीव कासावीस झाला आणि त्या भरात तो बोलून गेला, "तांबू, तुझी राह्यलेली शर्यत मी पुरी करून देईन. माझा शब्द."

तो बोलायला आणि कावळ्याने गुळाचा खडा उचलायला एकच गाठ पडली. सगळं पान साफ.

भिकाजीने डोळे पुसले. त्याला वाटलं, सुटला जीव. आपण काय बोलून बसलो, ते त्याच्या डोक्यातही आलं नाही.

त्या रात्री नूरुद्दीन दोस्तांकडे शहरात सतव्याला गेला होता. साहेबाचा बंगला लांब. तबेल्याला लागून चाऱ्याची खोली होती, तिथे भिकाजीची खाट. साडेबाराचा सुमार असेल. अमावास्येचा अंधार, अंगणात एक पिवळा दिवा.

त्याला जाग आली ती टापांनी. आधी वाटलं, कुणीतरी दोरी सोडवून पळालंय. उठून मधल्या जाळीतून बघितलं. सगळे घोडे जागेवर. उभे. एकही शेपूट हलवत नव्हता. सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळलेले.

टापा तबेल्याच्या मागून येत होत्या. भिकाजीचे कान तयार होते, त्याला लगेच कळलं. हा वाळूतला आवाज नव्हे. वाळूत टाप बुडते, आवाज कोरडा येतो. हा आवाज ओला होता. पावसाने भिजलेल्या गवतावर वजनदार घोडा धावावा तसा. साहेबाच्या व्हिडिओत यायचा, तोच.

टापा जवळ आल्या... आणि थांबल्या.

एकदम काही नाही.

मग धप्प. पुन्हा टापा.

मधली ती शांतता त्याला ओळखीची होती. घोडा हवेत असला की आवाज नसतो. हे थांबणं नव्हतं. ही उडी होती.

टापा... शांतता... धप्प. दोन.

तबेल्याला वळसा घालून आवाज पुढे गेला. तीन. चार. बाहेर त्या वाटेत कुंपण नाही, भिंत नाही, उडी मारायला काही म्हणजे काही नाही. नुसती वाळू. भिकाजी खाटेखाली सरकला. तोंडात रामरक्षा येईना. येत होते ते निकाल. ब्याण्णव, पार्टी पॉलिटिक्स... चौऱ्याण्णव...

उड्या तो मोजत नव्हता. मोजल्या जात होत्या. नऊ. दहा. दर फेऱ्याला आवाज आत येत होता. अकराव्या उडीला भिंतीची माती पडली. बाराव्या उडीला दिवा हलला. तेरा.

तेराव्या उडीनंतर टापा मंद झाल्या. चालत आल्या. एक... एक... एक...

दाराशी थांबल्या.

श्वास ऐकू येत होता. मोठा. दमलेला. आणि आणखी एक बारीक आवाज... लोखंडाचा. टिण... टिण... खोगिराच्या रिकाम्या रिकिबी हलतात तसा.

दाराखाली चार बोटं फट होती. भिकाजी जमिनीलगत पडलेला. बघायचं नव्हतं त्याला.

फटीत एक खूर. वर पांढरं.

डावा पाय.

त्याला सगळं कळलं. शब्द आपण दिला. पाठीवर माणूस पाहिजे. दार उघडायचं आणि वर बसायचं... बस, एवढंच मागतोय तो.

खूप वेळ गेला. मग भिकाजीला आपलाच आवाज ऐकू आला. रोज दहा वेळा सवयीने बोलायचा, तसंच निघून गेलं.

"आज नको रे... फुडच्या वेळेला... इन्शाल्ला."

बाहेर काही नाही.

रिकीब थांबली. खूर मागे सरला. टापा लांब गेल्या... वळल्या... आणि सुटल्या. भरधाव. सरळ दाराकडे. जवळ. आणखी जवळ. आणि...

शांतता.

भिकाजी डोकं झाकून वाट बघत राहिला. आता पडेल. आता वाजेल.

वाजलंच नाही.

चौदावी उडी घेतली ती घोडा खाली आलाच नाही.

उजाडल्यावर तो धावत माझ्याकडे आला. पायात चप्पल नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "शेट, तो अजून वरच हाय." मी चहा पाजला. वेड लागलं म्हणालो त्याला. तबेल्याच्या मागे जाऊन पाहिलं, वाळूवर एक खूण नव्हती.

साहेब पुढच्या वर्षी विलायतेला गेला, घोडे विकले. भिकाजीने घोड्यांचं काम सोडलं ते सोडलंच. मीच ओळखीने त्याला लांब समुद्रकाठी रुवैसला एका बांधकामावर रात्रपाळीला लावून दिलं. नवीन स्लॅबवर पाणी मारायचं, कुणाला वर चढू द्यायचं नाही. समुद्र, सिमेंट आणि सळया. घोडा औषधालाही नाही. मधूनमधून भेटायचा. बोलता बोलता हात वर करायचा आणि ऐकत राहायचा. मी विचारायचो, काय रे? म्हणायचा, "काय नाय. खालचा आवाज यायचा बाकी हाय." गावी जा म्हणालो तर म्हणाला, "पोरंबाळं हायत तिथं. त्यांच्या अंगनात नको." इतकं सगळं सोसत होता माणूस, आणि मी मनात हसत होतो.

दोन हजार तीन. एप्रिलचा पहिला शनिवार. त्या दिवशी इंग्लंडात ती शर्यत होती, ते मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. पण पेपर यायच्या आधीच, पहाटे फोन आला. रुवैसहून. भिकाजी गेला.

नूरुद्दीन तेव्हा माझ्याकडे गाडीवर होता. आम्ही दोघे निघालो. भिकाजी जिन्याच्या पायथ्याशी, त्याच्या खुर्चीत सापडला म्हणाले. हृदय बंद पडलं, डॉक्टरने लिहून दिलं. चेहरा शांत होता, मी पाहिला. मला रडू आवरलं नाही.

मग मोहिद्दीन म्हणून तिथला मुकादम होता, तो मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, सेठ, ऊपर आइए, एक चीज देखिए. किसी को बोलना मत.

तिसरा मजला. आदल्या संध्याकाळी ओतलेली स्लॅब. वर जायला तो एकच जिना, आणि त्याच्या तोंडाशी भिकाजी बसलेला. ओल्या काँक्रीटवर माणसाचं पाऊल नाही. मांजराचं नाही. गुळगुळीत. सगळी.

आणि बरोब्बर मधे... दोन खुरांचे ठसे. शेजारी शेजारी. नालासकट. नालाचे खिळेसुद्धा उमटलेले.

पुढचे दोन पाय. बस. अलीकडे काही नाही. पलीकडे काही नाही.

मोहिद्दीन म्हणत होता, भरून टाकतो, वर फरशी येईल, कुणाला कळायचं नाही. मी फळीवरून पुढे गेलो. नूरुद्दीन माझ्या पुढे गेला आणि वाकून बसला. काँक्रीट एव्हाना आवळून घट्ट झालं होतं. त्याने ठशात हात घातला. मनगटापर्यंत गेला.

मग दुसऱ्या ठशातही घातला. मी विचारलं, काय झालं?

त्याने हात बाहेर काढला. माझ्याकडे बघितलं नाही.

"सेठ... अकेला घोड़ा इतना गहरा नहीं धँसता।"

"म्हणजे?"

"ऊपर कोई बैठा था।"