पादुकेतला पाय

कोल्हापुरात गाडी दिसली की पहिला प्रश्न पूर्वीही 'अ‍ॅव्हरेज किती?' हाच असायचा. पण डिझेल कार्डावर आलं आणि त्या प्रश्नाला धार चढली. महिन्याला घरटी साठ लिटर, वर एक थेंब नाही. आणि लोकांची हौस बघा! दांडगी फोर-बाय-फोर घ्यायची, तिच्या हुकाला दोन टनांची कॅरॅव्हॅन जोडायची आणि अख्खा संसार ओढत समुद्रावर जायचं. असल्या जोडगाडीनं लिटरला पाच किलोमीटर दिले तरी पुष्कळ. म्हणजे जाणं-येणं कसंबसं जमायचं, समुद्रावर इकडेतिकडे फिरायचं नावच नको.

रंगराव खोचरे तीच जोडगाडी लिटरला नऊनं चालवायचे. यात जादूबिदू काही नव्हती. ते ताशी साठच्या वर जात नसत, कारण कॅरॅव्हॅनचं चौकोनी कपाळ वारा अडवतं आणि वेग दुप्पट केला की तो अडसर चौपट होतो. जड सामान ते चाकांच्या बरोबर वर ठेवायचे. चढ यायच्या आधीच वेग धरायचे आणि चढावर उजवा पाय तसूभर हलवायचे नाहीत. "पाय कंदिलाच्या वातीसारखा ठेवायचा," ते नव्या ड्रायव्हरांना सांगत. "सारखा वरखाली केला की नुसता धूर."

कॅरॅव्हॅन भाड्यानं देणाऱ्या 'मुक्काम' कंपनीचे मालक पृथ्वीजित नाईकनवरे यांनी हा पाय नेमका हेरला. त्यांच्या इंजिनिअरांनी डब्याएवढं एक यंत्र बनवलं आणि त्याला नाव दिलं पादुका. ती अ‍ॅक्सिलरेटरखाली बसायची, चालवणाऱ्याचा पाय शिकायची आणि मग अ‍ॅक्सिलरेटर नि गिअर दोन्ही स्वतः सांभाळायची. माणसाकडे उरायचं स्टिअरिंग आणि ब्रेक. वर्षभर ती रंगरावांच्या बुटाखाली बसून शिकली. रंगरावांनी तिला लेकीसारखं शिकवलं, काही म्हणून हातचं राखलं नाही.

घटस्थापनेच्या दिवशी ऑफिसातल्या उल्का सुतारनं त्यांना जिन्यात गाठलं. "काका, कुणाला सांगू नका. दसऱ्याला बावीसच्या बावीस ड्रायव्हरांना घरी बसवणार हायेत. तुमचं नाव पहिलं हाय यादीत. आन् पाडव्याला तुमचीच गाडी साहेब स्वतः घाट उतरवणार हायेत."

रंगराव खाली आले, गाडीत बसले आणि त्यांच्या डोक्यात जी तिडीक गेली ती उतरलीच नाही. वर्षभर गोड बोलून माझाच पाय काढून घेतला आणि आता मलाच लाथ? थांब लेका, म्हणाले, तुला घाटातच भेटतो.

पुढचे नऊ दिवस ते रोज रिकामी कॅरॅव्हॅन घेऊन खडकओहोळ घाटात गेले आणि उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकत राहिले. हा ड्रायव्हर लोकांचा जुना रोग. उतारावर इंजिन सोडून द्यायचं, गाडी आपसूक पळते, डिझेल वाचल्यासारखं वाटतं. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागं खेचून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. मागं भरलेली कॅरॅव्हॅन ढकलत असेल तर चार वळणांत ब्रेक लालबुंद होतात आणि पाचव्या वळणावर धरतच नाहीत. याच रोगापायी रंगरावांनी एकदा एका ड्रायव्हरच्या कानफटात वाजवली होती. आता तोच रोग ते पादुकेला लावत होते. तिला काय, तिला फक्त किलोमीटर कळायचे. घाटाखाली तीन किलोमीटर गाडी फुकट घरंगळते, एवढं तिनं चटकन टिपून घेतलं.

दसऱ्याला गाडीची पूजा तिच्या ड्रायव्हरच्या हातून व्हायची, ही 'मुक्काम'मधली पहिल्यापासूनची रीत. त्या वर्षी नाईकनवऱ्यांनी सीटवर पादुका मांडली, तिला हार घातला, स्वतः नारळ फोडला आणि बावीस ड्रायव्हरांच्या हातात हिशेबाचं एकेक पाकीट ठेवलं.

"वा रे न्याय! पादुका सिंहासनावर आणि धनी वनवासात," कुणीतरी पुटपुटलं. साहेबांना ते कौतुकच वाटलं. ते हसले!

दिवाळीच्या पाडव्याला पादुकेचं उद्‌घाटन होतं. पहिली गाडी रंगरावांची, ती साहेब स्वतः घाट उतरवणार होते. शेजारच्या सीटवर बसायला त्यांनी रंगरावांना बोलावलं, जाहिरातीत बरं दिसतं म्हणून. रंगराव इस्त्रीचा सदरा घालून आले. बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "आज त्याचा घाम बघून येतो."

घाटमाथ्यावर कॅमेरा सुरू झाला. "हे आमचे गुरुवर्य," नाईकनवरे म्हणाले. "पाय यांचा, पण आज यांच्या पायांना सुट्टी!"

उतार लागला. खट् असा बारीक आवाज झाला आणि इंजिनाचा जोर पार उतरला, गाडी न्यूट्रलला गेली. काटा पन्नासवरून साठवर गेला, मग सत्तरवर. साहेबांनी ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणावर पुन्हा दाबला. तिसऱ्या वळणावर जळका वास आत आला.

"रंगराव, हे… हे बरोबर आहे ना?"

"तुमचं यंत्र, साहेब. मला काय इचारता?"

चौथ्या वळणावर कॅरॅव्हॅननं मागून असा धक्का दिला की साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. ब्रेकचा पेडल तळाला टेकला होता. "रंगराव! काहीतरी करा हो! पाया पडतो तुमच्या!"

"पाय कुणाचा?"

"काय?"

"कॅमेऱ्यात बघून मोठ्यानं सांगा. हा पाय कुणाचा? आणि त्या पायाला लाथ कुणी घातली?"

"तुमचा! तुमचा पाय! मी हाकललं तुम्हाला, चुकलो, बाबा, चुकलो!"

अहाहा! रंगरावांना आयुष्यात एवढं गार कधी वाटलं नव्हतं. त्यांनी सावकाश हात पुढं केला, गिअरचा दांडा दुसऱ्यावर दाबला आणि तसाच धरून ठेवला, कारण हातानं धरलं की पादुकेला सोडावंच लागतं. इंजिन बोंबललं, गाडी मागं खेचली गेली आणि दोन वळणांनंतर पायथ्याच्या सपाटीवर येऊन थांबली. चाकांतून धूर निघत होता. नाईकनवरे दार उघडून रस्त्याच्या कडेला गेले आणि भडाभडा ओकले. रंगरावांनी ते मन भरून पाहिलं.

"ही गोष्ट आता विसरू नका," ते खिडकीतून म्हणाले. "एवढ्या एकाच गाडीला शिकवलंय. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवा."

साहेबांनी तोंड पुसत मान वर केली. चेहरा पांढराफटक. "एकाच नाही. डबे वेगळे, पण आतली पादुका एकच आहे. सगळ्या गाड्यांत तीच असते. हिचंच शिकलेलं सकाळी गिऱ्हाइकांच्या चारशे गाड्यांना पाठवलं."

"न तपासता?"

"तपासली की! अ‍ॅव्हरेज नऊवरून दहावर गेलं. आम्ही पेढे वाटले."

"मग बंद करा ना! आत्ताच्या आत्ता!"

"चालत्या गाडीत बंद होत नाही. इंजिन थांबलं तरच…" आणि त्यांना पुन्हा उलटी आली.

रंगरावांनी समोरचा स्क्रीन पुढं ओढला. नकाशावर पादुकावाल्या गाड्यांचे ठिपके होते. बहुतेक हिरवे, म्हणजे उभ्या गाड्या. काही पिवळे, सपाट रस्त्यावर चाललेले. एक पिवळा ठिपका मात्र खडकओहोळच्या माथ्यावर होता, आत्ताच ते जिथून निघाले तिथं. भार: पूर्ण. पाण्याची टाकी: पूर्ण.

हा त्यांचा सूड नव्हता. हे कोण लोक होते, आणि यांनी त्यांचं काय वाकडं केलं होतं? त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. तिकडं त्या गाडीत फोन वाजला. मागं गाणी चालू होती, एक बाई मोठ्यानं बोलली.

"हॅलो?"

"ताई, गाडी चालवतंय कोण?"

"मीच. का हो?"

"उतार सुरू व्हायच्या आत बाजूला घ्या. घेता आलं न्हाई तर दांडा दुसऱ्यावर दाबा आन् धरून ठेवा. त्या यंत्राच्या भरवशावर ऱ्हाऊ नका!"

"अहो, भलतंच काय! हे मागं सासूबाईंजवळ झोपलेत कॅरॅव्हॅनमध्ये, उगाच धक्का बसायचा." ठिपका हलला. वेग बावन्न, पंचावन्न. "आणि यंत्र कसलं, यात रंगराव खोचऱ्यांचा पाय आहे! आमचे हे म्हणतात, त्या माणसावर डोळे झाकून भरवसा ठेवावा. तुम्ही कोण बोलताय?"