अबू मुतसिमचं एक मीटर पाणी

"अरे, गेला! गेला पतंग!" लैस बोंबलला. मुद्दामच! दहा वर्षांच्या त्या पठ्ठ्याने पतंग चार मजली इमारतीच्या गच्चीवर बरोबर नेऊन उतरवला होता.

"शाब्बास! आता किल्ली मागायला तूच जा," त्याची बहीण रंद म्हणाली.

"मी? मोठी तू आहेस ना!"

"भांडू नका. तिघंही जाऊ," त्यांची मैत्रीण बसमा म्हणाली. आज तिचा चेहरा एवढासा झाला होता.

बसमाचे वडील अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका, या इमारतीचे राखणदार. तळमजल्यावरची एक खोली हेच त्यांचं घर. पण दुसऱ्या मजल्यावरच्या, इमारतीचा कारभार पाहणाऱ्या अबू मुतसिमनी कालच सगळ्यांसमोर फर्मान काढलं होतं, "शनिवारी खोली खाली कर, शहाता! गच्चीची किल्ली तुझ्याकडे, आणि माझ्या टाक्यांतलं एक मीटर पाणी दर आठवड्याला गायब! कोणाला विकतोस?" आणि त्यांनी किल्ली काढून घेतली.

अम्मानच्या त्या गल्लीत नळाला पाणी यायचं फक्त शनिवारी. गच्चीवरच्या टाक्या भरायच्या आणि आठवडाभर पुरवायच्या. एक मीटर म्हणजे अख्खा एक घनमीटर! एवढ्या पाण्याच्या चोरीचा आळ आल्यावर शहातांना काम कोण देणार? बसमाला थेट इजिप्तला परत जावं लागणार. शाळा सुटणार, मैत्रिणी सुटणार!

पण सकाळी रंदने एक विचित्र गोष्ट पाहिली होती. मागच्या भिंतीशी, पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पुदिना नुसता माजला होता. ऑगस्टमध्ये! ऑगस्टमध्ये इथे आभाळातून थेंब पडत नाही. तिने पाइपात बोट घालून पाहिलं, तर आत ओलं! म्हणूनच आज लैसचा पतंग 'चुकून' गच्चीवर गेला होता.

"किल्ली? मुळीच नाही!" अबू मुतसिम गुरकावले. "मी स्वतः येतो." आणि धापा टाकत ते जिने चढू लागले.

गच्ची मात्र ठणठणीत कोरडी होती! लैसचं तोंड पडलं. बसमा मात्र पालथी होऊन टाक्यांखाली सरपटत शिरली.

"सापडलं! या लवकर!"

टाकीच्या पाइपाच्या सांध्यावर चिंधी गुंडाळलेली होती. तिच्यातून एक बारीक धार निघून सरळ पावसाच्या पाइपाच्या वरच्या तोंडात पडत होती. मग गच्ची ओली होणार कशी?

"ही चिंधी कोणी बांधली?" रंदने विचारलं.

अबू मुतसिम खाकरले. "मीच. एवढ्याशासाठी प्लंबर कशाला? पण ही सुतासारखी धार आठवड्यात मीटरभर पाणी पिणार? काहीतरीच!"

"तुमचं घड्याळ बघा, अम्मो. लैस, माप काढ!" रंद म्हणाली.

लैसने खिशातून खोकल्याच्या औषधाचं झाकण काढून धारेखाली धरलं. सहा सेकंदांत दहा मिलिलिटर!

"म्हणजे मिनिटाला शंभर," बसमा भराभर हिशेब करू लागली. "तासाला सहा हजार. दिवसाला एक लाख चव्वेचाळीस हजार. आणि आठवड्याला..."

"दहा लाख आठ हजार!" रंद ओरडली.

"बापरे! पण मीटरमध्ये सेंटिमीटर तर शंभरच असतात!" लैस गोंधळला.

"अरे बावळटा, ते लांबीत!" रंद म्हणाली. "साखरेचा चौकोनी खडा घे. एक सेंटिमीटर लांब, रुंद, उंच. तेवढं पाणी म्हणजे एक मिलिलिटर. आता मीटरभर खोक्यात एका ओळीत किती खडे?"

"शंभर."

"तळाला अशा शंभर ओळी. म्हणजे दहा हजार. आणि असे एकावर एक शंभर थर!"

"दहा लाख!" लैसने उडीच मारली. "अम्मो, दहा लाख मिलिलिटर म्हणजे हजार लिटर. म्हणजे तुमचं एक मीटर! वरचे आठ लिटर पुदिन्याने प्यायले असतील!"

अबू मुतसिमनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ते खाली उतरले.

तासाभराने चारही मजल्यांवरची मोठी माणसं घेऊन ते शहातांच्या खोलीत आले. शहातांनी कॉफी दिली. अबू मुतसिमनी पेला तसाच खाली ठेवला. मागणं घेऊन आलेल्या पाहुण्याने ते मान्य झाल्याशिवाय कॉफी प्यायची नाही, ही तिथली रीतच!

"शहाता, सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो. सगळ्यांसमोरच माफी मागतो. आम्हा मोठ्यांना जे जमलं नाही, ते या तिघांनी शोधून काढलं. काय डोकी आहेत!"

शहातांनी मान वर केली. "मला म्हणालात, ते मी विसरेन. पण माझ्या मुलीसमोर म्हणालात."

अबू मुतसिमची मान खाली गेली. ते बसमाकडे वळले. "मग पोरी, तूच सांग."

बसमाने रंदचा हात घट्ट धरला होता. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. तिने पुढे होऊन पेला उचलला आणि दोन्ही हातांनी अबू मुतसिमपुढे धरला.

"प्या, अम्मो. निवत चाललीय."