मागचा खांदा

ही ऐकीव गोष्ट नाही. ती मालिझानीच्या खांद्यावर घडली आणि त्याच्याच तोंडून आम्ही ऐकली. खोटी वाटली तर वाटू दे.

आफ्रिकेतल्या न्यासालँडात तेव्हा गोऱ्यांचं राज्य. मुलांजे डोंगराखालची वाट. ऑक्टोबरातली भरदुपार.

जिल्ह्याच्या साहेबाला पाय होते, पण चालायचं आमच्या पायांनी. बांबूच्या दांड्याला टांगलेल्या झोळीत तो लोळायचा, चौघं वाहायचे, दोघं पुढे, दोघं मागे. मागच्यांना वाट दिसत नाही. म्हणून पुढच्याने "खड्डा" म्हणायचं आणि मागच्याने "ओलांडला" म्हणायचं.

पुढे मालिझानी. त्याला मागून उत्तर द्यायचा धाकटा भाऊ, लैसोनी.

त्या दुपारी लैसोनी तापाने कोसळला.

"साहेब, भाऊ आहे माझा. सावलीत नेतो, पाणी पाजतो, लगेच येतो."

"नाटकं आहेत सगळी. तिघं उचला," साहेब म्हणाला. चाबूक झोळीतच होता.

मालिझानी गुमान निघाला. मनात मात्र ठरलं होतं... नदी आली की झोळी टाकायची आणि भावाकडे मागे पळायचं. पाठ सोलून निघाली तरी बेहत्तर.

नदीच्या अलीकडे वाट खचलेली. सवयीने तो बोलून गेला, "खड्डा."

मागून आवाज आला...

"ओलांडला, दादा."

लैसोनीचाच आवाज.

दांड्याखाली मान वळत नाही. पण ओझं हलकं झालं होतं. उठला म्हणायचा गडी, आला धावत. मालिझानीचा जीव भांड्यात पडला.

नदी आली. तो थांबला नाही.

संध्याकाळी मुक्कामाला झोळी उतरवली. त्याने मागे पाहिलं...

मागे लैसोनीचा जोडीदार चिसाले एकटाच उभा होता.

"लैसोनी कुठाय?"

चिसालेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "उत्तर मीही ऐकत होतो, बाबा. शेजारी बघायची छाती झाली नाही."

मालिझानी पळत सुटला. पोचला तेव्हा उजाडलं होतं. लैसोनी जिथे कोसळला तिथेच पडलेला, थंडगार. उशाशी जवळच्या झोपडीतली एक म्हातारी बसली होती.

"कधी गेला, आजी?"

"आत्ता, कोंबडा आरवताना. काल दुपारपासून रात्रभर जिवंत होता की रे. कुणी उचलून नेला असता तर जगला असता. मला एकटीला उचलेना."

"पाणी?"

"भांडं पुढे केलं तर हात लावीना. म्हणे, आजी, हात दांड्याला आहेत. दादा पुढे चाललाय."

मालिझानी आता सत्तरीचा आहे. एकटाच राहतो. लैसोनीचं नाव निघालं की आम्हालाच विचारतो, "मी नदीवर थांबलो असतो तर?"