मौनीबाईचं वाक्य

औषधांच्या दुकानात तिच्यामागे सहा माणसं उभी होती, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि तिला आत्याच्या साखरेच्या गोळ्यांचं नाव उच्चारता येत नव्हतं.

एरवी ती चिठ्ठी घेऊन यायची. आज पर्समध्ये पाणी शिरून चिठ्ठीचा लगदा झाला होता. "म... म..." एवढंच ओठांवर येई आणि तिथेच अडे. काउंटरवरचा माणूस मदतीला धावला. मलम हवंय का, मल्टिव्हिटॅमिन हवंय का, असं तो एकेक विचारू लागला. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला.

"त्यांना सांगू द्या ना," रांगेतून एक आवाज आला. "मला तरी घाई नाही. बाहेर पाऊसच आहे."

"मेटफॉर्मिन," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने... पण म्हणाली.

गोळ्या घेऊन वळताना तिने त्या आवाजाच्या माणसाकडे पाहिलं. लोक अशा वेळी जमिनीकडे तरी बघतात, नाहीतर फार गोड हसतात. हा तसं काहीच करत नव्हता. समोरचं माणूस काहीतरी सांगतंय आणि आपण ऐकतोय, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

दुकानाच्या पत्र्याखाली दोघं पाऊस ओसरायची वाट बघत उभे राहिले. त्याच्या छत्रीच्या दोन काड्या मोडल्या होत्या.

"छत्री आहे, पण एकाच बाजूने," तो म्हणाला. "चांगली बाजू तुम्ही घ्या."

"नको... जवळच राहते."

"'मी' गाळलंत," तो म्हणाला, आणि लगेच कान पकडले. "माफ करा. धंद्याची खोड. बोलताना अडखळणाऱ्यांना शिकवतो मी. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर केंद्र आहे ना, तिथे."

आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिचं सगळ्यात जास्त अडे ते 'म'पाशी, आणि आपल्या भाषेत स्वतःबद्दल काही सांगायचं तर 'मी', 'मला', 'माझं' यांच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून लहानपणापासून तिने तो शब्दच टाकून दिला होता. जाते, बघते, नको – एवढ्यावर तिने शाळा काढली, नोकरी काढली, आणि पुढे स्वतःचा हेज फंड काढला.

हो, फंड. पेन्शनवाल्या संस्थांचे आणि काही धनिकांचे पैसे ती सांभाळायची. बाजार चढो की पडो, त्यांना फायदा झाला पाहिजे हे तिचं काम. सगळा बाजार एखाद्या गोष्टीमागे धावत असताना ती दोन पानी टिपण लिहायची आणि खाली एकच शब्द – 'नको'. बहुतेक वेळा तो शब्द खरा ठरे. गुंतवणूकदारांशी गप्पा मारायला तिचा भागीदार होता, तो दोघांच्या वाटचं बोलायचा. ती गप्प बसायची, आणि लोक त्या गप्प बसण्याला आत्मविश्वास समजायचे. ऑफिसात तिचं नाव पडलं होतं मौनीबाई. आत्या म्हणायची, "बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणे. तुझे गहू मात्र बरे खपले गं."

आणि दुसरी गोष्ट अशी, की टपाल कचेरीवरचं ते केंद्र पाच वर्षं तिच्याच पैशांवर चाललं होतं. शाळेत धडा वाचताना बाई तिला वाक्याच्या मध्येच "बस खाली" म्हणायच्या. ते ती विसरली नव्हती. कमाईचा मोठा हिस्सा ती दर वर्षी एका ट्रस्टमध्ये टाकायची, आणि केंद्राला जाणाऱ्या कागदांवर तिचं नाव कुठेच नसे. त्या केंद्राचा जिना मात्र ती कधी चढली नव्हती.

हे त्याला तेव्हाच, त्या पत्र्याखाली सांगायला हवं होतं. पण त्या वाक्याचीही सुरुवात 'मी'नेच होत होती.

"शनिवारी मोठ्या माणसांचा वर्ग असतो," तो म्हणाला. "फुकट आहे. या."

ती गेली.

पोरं त्याला थांबासर म्हणत. कुणी कुणाचं वाक्य पुरं करायला गेलं, की तो म्हणे, "थांबा, त्याचं व्हायचंय अजून." मोठ्यांच्या वर्गातही हाच नियम. तिथे एक बस कंडक्टर होता, एक वकीलही होता. प्रत्येकाने काहीतरी सांगायचं आणि बाकीच्यांनी फक्त वाट बघायची. वाट बघणं हे एवढं मोठं काम असतं, हे तिला तिथे कळलं.

ती काय करते, असं त्याने एकदा विचारलं. ती म्हणाली, अंदाज बांधते. तो समजला, हवामान खात्यात असेल. मग दर शनिवारी तो खिडकीबाहेर बघून विचारू लागला, आज छत्री नेऊ का बाई? तिने त्याची चूक सुधारली नाही. खरं तर सुधारायला गेली असती, पण तो तसं विचारताना डोळे बारीक करून हसायचा... आणि ते हसू तिला पुढच्या शनिवारपर्यंत पुरवायचं असायचं.

केंद्राच्या देणगीदाराला तो 'आजोबा' म्हणायचा. कुणी कंजूष म्हातारा असणार, असं त्याचं ठाम मत. "दर तीन महिन्यांनी अकरा पानी फॉर्म भरून घेतात आमचे आजोबा. मुलांची किती अक्षरं सुधारली, टक्क्यात लिहा म्हणे." तो फॉर्म तिने स्वतः बनवला होता. त्या सोमवारी तिने त्यातली तीन पानं काढून टाकली. पुढच्या वेळी अजून चार. थांबासर सगळ्यांना सांगत सुटला, की वय झाल्यामुळे आजोबा मवाळ होत चाललेत.

तिला फोनची सगळ्यात जास्त भीती वाटायची, म्हणून त्याने घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी सहाला त्याला फोन करायचा आणि एक वाक्य बोलायचं. पहिल्या दिवशी "आज ऊन होतं" एवढ्या वाक्याला दोन मिनिटं लागली. पलीकडे तो होता, श्वास ऐकू येत होता, पण त्याने एकही शब्द पुढे सरकवला नाही. महिन्याभरात एका वाक्याची दहा झाली. दहाची मग मोजदाद राहिली नाही. केंद्राच्या गच्चीवर कबुतरं काय करतात, त्याच्या थोरल्या भावाने त्याचं लग्न जमवायचा नाद कसा सोडला, आत्याने कुणाशी वाद घातला...

"सहा वाजले की तुझा चेहरा धुतल्यासारखा होतो," आत्या म्हणाली. "कोण आहे तो?"

"शिक्षक."

"शिकवतो काय?"

"थांबायला."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. आत्याच्या स्वभावात ते बसत नव्हतं, म्हणून तिला जास्तच लाज वाटली.

पाच महिने असे गेले. एका बुधवारी तो फोनवर फार उत्साहात होता. दोन तासांवरच्या एका गावात दुसरं केंद्र काढायचा प्रस्ताव त्याने लिहिला होता आणि शुक्रवारी तो मांडायला ट्रस्टच्या ऑफिसात जाणार होता. "आजोबा दिसतील एकदाचे," तो म्हणाला. मग जरा थांबला. "आणि शनिवारी वर्गानंतर थोडं थांबाल? मला एक... वर्गाबाहेरचं बोलायचंय."

आता तरी सांगायलाच हवं होतं. "म... म..." तिने सुरुवात केली. तो वाट बघत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे... शेवटी तिने फोन ठेवून दिला. गुरुवारी तिने फोन केलाच नाही.

शुक्रवारी तो दार ढकलून आत आला, तेव्हा टेबलाच्या टोकाला ती बसली होती. क्षणभर तो हसला; तीही काही मागायला आली असेल, असंच त्याला वाटलं असावं. मग एका विश्वस्ताने ओळख करून दिली: या आपल्या देणगीदार, मंजुरीची सही यांचीच. त्याचं हसू विरलं नाही, नुसतं चेहऱ्यावर विसरल्यासारखं राहिलं. त्याने कागद मांडले, सगळा प्रस्ताव नीट समजावला, आणि प्रश्नांची उत्तरं देताना तिला तीन वेळा 'मॅडम' म्हटलं.

प्रस्ताव उत्तम होता. वैऱ्याने आणला असता तरी तिने मंजूर केला असता. तिने सही केली.

जिन्यात तिने त्याला गाठलं.

"पाच महिने मी तुम्हाला तुमच्यावरचेच विनोद सांगत होतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याचं काही नाही. हसतील लोक, मीही हसेन कधीतरी. पण उद्या मी जे बोलणार होतो ना... ते आता कसं बोलू? काहीही बोललो तरी त्यात माझा पगार बोलेल. तुम्हालाही तसंच ऐकू येईल, मलाही."

तिने तोंड उघडलं. तो थांबला – रागातही थांबला. पण तिचा शब्द आला नाही, आणि त्याला बस गाठायची होती.

त्यानंतर सहा वाजायचे ते नुसतेच वाजायचे. ती फोन टेबलावर पालथा घालून ठेवी आणि पुन्हा सुलटा करून बघे. वर्गाला ती जाईना. तो तर नव्या गावी केंद्र उभं करायला निघूनही गेला होता. टपाल कचेरीच्या गल्लीतून जायचं टाळण्यासाठी ती लांबचा वळसा घेई, आणि कधी कधी मुद्दाम त्याच गल्लीतून जाई. बाजाराचे आकडे समोर पळत असत आणि ती मात्र कुणाच्या तरी श्वासाचा आवाज आठवत बसे. भागीदार म्हणाला, तू हल्ली पहिल्यापेक्षा गप्प आहेस. ते शक्य आहे, हेच ऑफिसात कुणाला पटेना.

अखेर एके सकाळी तिने ठरवलं. दर वर्षी आपल्या मर्जीने द्यायचे पैसे एकदाच, कायमचे देऊन टाकायचे. दोन्ही केंद्रांसाठी अक्षयनिधी करायचा, व्याजावर ती चालतील. सहीचा अधिकार दुसऱ्यांना द्यायचा आणि ट्रस्टमधून बाहेर पडायचं. कुणाच्याही पगारावर आपली सावली नको. त्याने परत बोलावं म्हणून नव्हे. तसं असतं तर तो सौदाच झाला असता, आणि सौदे तिला फार चांगले कळत. जिन्यातलं त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून.

त्यात एकच मेख होती. एवढे पैसे म्हणजे फंडात असलेली तिची स्वतःची जवळजवळ सगळी रक्कम. फंड चालवणारीच आपले पैसे काढते म्हटल्यावर लोकांना वाटणार, जहाज बुडतंय. म्हणजे गुंतवणूकदारांना समोर बसवून समजावणं आलं. भागीदार म्हणाला, मी बोलतो, तू नुसती बस. ती नको म्हणाली.

चाळीस माणसं होती. ती उभी राहिली. "म... म... म..." हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. भागीदार अर्धवट उठला. तिने हाताने त्याला खाली बसवलं. "...मी... अडखळते," ती म्हणाली. "म्हणून इतकी वर्षं गप्प होते. आज वेळ लागेल." आणि तिने सगळं सांगितलं. पाऊण तास लागला. पण एकही 'मी' तिने गाळला नाही. पुढच्या महिन्यात दोघांनी पैसे काढून घेतले. बाकीचे राहिले. एका म्हाताऱ्या गुंतवणूकदाराने जाताना तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, माझा नातूही असाच बोलतो, त्याला कुठे न्यायचं?

सगळे कागद पुरे व्हायला आणखी दोन महिने गेले. मग एका शनिवारी ती बसने त्या गावाला गेली.

केंद्र एका जुन्या गोदामात होतं. तो एकटाच होता, बाह्या दुमडून भिंतीला निळा रंग देत होता. तिला बघून ब्रश हातातच राहिला. अक्षयनिधीचं पत्र त्याला मिळालं होतं, तेवढं तो म्हणाला. तिने मान हलवली.

"आता तुमची..." ती म्हणाली, आणि थांबली. पुन्हा सुरुवातीपासून बोलायचं ठरवलं. "मी... आता... तुमची कुणी नाही. सही नाही, ट्रस्ट नाही. म्हणून आले." ब्रशमधून निळे थेंब त्याच्या चपलेवर पडत होते. त्याचं लक्ष नव्हतं. "म... म... म..." बाहेरून एक सायकल गेली. दूर कुठेतरी दार आपटलं. तो जागचा हलला नाही. "...मला तुम्ही हवे आहात. रोज. नुसतं सहा वाजता नाही."

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि म्हणाला, "मी तुमच्यावर फार रागावलो होतो."

"माहीत आहे."

"अजून आहे थोडा."

"चालेल."

"आणि त्या रागातसुद्धा सहाला फोनजवळ बसायचो. मूर्खासारखा."

त्याने तिला दुसरा ब्रश दिला. दुपारभर दोघांनी भिंत रंगवली. एकदा तिच्या गालाला लागलेला रंग पुसायला त्याने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. त्याच्याच हाताला जास्त रंग होता. ती हसली. मग तोही हसला, डोळे बारीक करून... आणि तिला एकाएकी रडू आलं, म्हणून ती भिंतीकडे वळून भराभर ब्रश फिरवू लागली.

साडेपाचच्या बसपर्यंत तो सोडायला आला. ती खिडकीशी बसली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. तो खाली उभा होता, हात खिशात, काहीतरी मनात घोळवत.

"पुढच्या शनिवारी येशील?"

येशील. त्याने 'याल' म्हटलं नव्हतं. तिने एकदम त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"ये..." ती म्हणाली. बस हलली. "ये... ये..."

तो बसबरोबर चालू लागला. कंडक्टरने वाकून पाहिलं, पलीकडच्या बाईने पाहिलं; सगळ्यांना तो शब्द कळला होता आणि त्यालाही कळलाच होता. पण तो पुढे बोलला नाही, मान डोलावून तिला मोकळंही केलं नाही. बसचा वेग वाढला तसा तो धावू लागला, खिडकीच्या कडेला एक निळा हात टेकवून, धापा टाकत, तिच्या तोंडाकडे बघत...

"...येईन," ती म्हणाली.

तेव्हाच त्याने खिडकी सोडली.