ब्रेलपट्टी आणि वजनकाटा

माझ्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं, आणि स्वतःशीच मोठ्यानं वाचत होतं.

"काटा जोडला... दिसला... गेला. परत जोडला... दिसला... गेला."

"खुर्ची माझी आहे," मी म्हणाले.

खुर्ची झटकन मागे सरकली. "सॉरी मॅडम. मी विश्वजित. शिरवण्याहून आलोय, नवा वजनकाटा कॉम्प्युटरला जोडायला." आवाज तरुण होता. शर्टाला तापलेल्या कथिलाचा वास येत होता.

सारसोळ्याच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर मी चालवते. मला दिसत नाही. कीबोर्डसमोर एक पट्टी असते. पडद्यावरची अक्षरं तिच्यावर ब्रेलचे ठिपके होऊन उठतात आणि मी ती बोटांनी वाचते. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे – कुणालाही आतून उघडून बघता येईल, बदलता येईल अशी प्रणाली.

"काटा नाय चालला तर कमिटी काय बोलंल, म्हाईत हाय ना मिताली?" चिटणीस मालतीबाई बर्फाच्या पेटीजवळून म्हणाल्या. "उद्यापासून वजन त्याच्यावरच."

मला माहीत होतं. आधीच्या नोकरीत असंच एक यंत्र अडलं होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसानं माझा ब्रेलचा प्रोग्रामच काढून टाकला. यंत्र चाललं. मी जेवून आले तर पट्टी सपाट. आठवड्याभरात मी घरी बसले.

मी खुर्चीत बसून पट्टीवर बोटं ठेवली. विश्वजित शेजारी उभ्यानंच पुन्हा वाचू लागला. "केबल बरोबर... चिप बरोबर... हां. ब्रेलवाला प्रोग्राम काट्याला पकडून ठेवतोय. त्याला वाटतंय, हे ब्रेलचंच यंत्र." मग मोबाईलवर काहीतरी शोधलं. "इथं सगळे एकच सांगतायत... काढून टाका. एका ओळीचं काम आहे."

माझी बोटं पट्टीवरच थांबली. मागच्या वेळी मी भांडले होते. उपयोग झाला नव्हता.

कळा वाजल्या... आणि थांबल्या.

"मी आत्ता जे टाइप केलं," त्यानं हळू विचारलं, "ते तुम्ही वाचताय?"

"हो. अजून एन्टर दाबलेलं नाही तुम्ही."

मग एकेक अक्षर माझ्या बोटांखालून पुसलं जाऊ लागलं. शेवटचंही गेलं.

"मॅडम, एक तास द्याल?"

"चहापण देईन."

"मग दोन तास लागतील."

दोन लागलेच. त्या प्रोग्रामकडे ब्रेल यंत्रांच्या क्रमांकांची एक यादी होती, आणि काट्यातल्या चिपचा क्रमांकही त्या यादीत होता. त्यानं तेवढी एक ओळ रद्द केली. माझ्या पट्टीचा क्रमांक वेगळा. तो जिथल्या तिथे राहिला. मालतीबाईंनी काट्यावर एक पापलेट ठेवलं आणि माझ्या बोटांखाली ठिपके उठले – ०.४८०.

त्याचे आभार मानायचे होते.

"चहा गार झाला तुमचा," एवढंच म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी तो काटा बघायला आला. "केबल ढिली वाटते." त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आला. "दमट हवा ना... बघितलेलं बरं." दारातूनच सांगायचा, "खुर्ची तुमचीच आहे," आणि स्टूल ओढून बसायचा. कथिलाच्या वासाची मी शुक्रवारी सकाळपासून वाट बघू लागले – हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या शुक्रवारी मी विचारलं, "काटा तर एक ग्रॅम चुकत नाही. मग तुम्ही कशाला येता?"

मालतीबाईंचं बर्फ फोडणं थांबलं. कीबोर्ड अलगद त्याच्याकडे सरकला, आणि पट्टीवर ठिपके सावकाश, चाचपडत उठले –

काट्याला काही झालेलं नाही. मी तुमच्यासाठी येतो.

मी ते दोनदा वाचलं. मग कीबोर्ड माझ्याकडे ओढला. त्याच्यासारखं न चाचपडता लिहिलं –

त्या दिवशी तू एन्टर दाबलं नाहीस, त्याचे आभार राहिलेत. पुढच्या शुक्रवारी काट्याचं नाव न काढता ये. जेट्टीवर फिरू.

एक गोष्ट मात्र मी विसरले होते. हा माणूस सगळं मोठ्यानं वाचतो.

"...काट्याचं नाव न काढता ये," तो वाचत गेला. "जेट्टीवर... फिरू."

"पुढच्या शुक्रवारी कशाला?" मालतीबाई म्हणाल्या. "आताच जा दोघं. काट्याजवल मी हाय."