बलकवाला

मागचं दार उघडून धाकटीने पातेलं उपडं केलं, आणि मग तिला दिसलं की बोळात माणूस आहे.

वाऱ्याने उडालेली टोपी धरायला तो बेकरीच्या मागच्या बोळात शिरला होता. टोपी गटाराच्या कडेला अडकली होती, तो ती उचलायला वाकला होता, आणि पातेल्यातले सगळे बलक, पिवळेधमक आणि गुळगुळीत, थेट त्याच्या बुटांवर. आता हा आपल्याला फाडून खाणार, अशी धाकटीची खात्रीच झाली. पण तो बुटांकडे नुसता बघत राहिला, घरातलं कुणीतरी गेल्यासारखा.

“एवढे सगळे... फेकून देता तुम्ही?”

“मग काय करायचं त्यांचं? आम्हाला पांढरं लागतं. पावाला वरून चोपडायला थोडं पिवळं ठेवतो, बाकीचं—”

“रोज?”

“रोज.”

त्याने टोपी झटकून डोक्यावर ठेवली. “उद्या फेकू नका,” एवढंच म्हणाला आणि पिवळी पावलं उमटवत निघून गेला. धाकटी रिकामं पातेलं घेऊन बराच वेळ दारात उभी होती. बुटांबद्दल माफी मागायची राहून गेली, हे तिला नंतर आठवलं.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हतं. घरात ती शेवटची, म्हणून सगळे धाकटी म्हणत, आणि ती सत्तावीस वर्षांची झाली तरी म्हणतच राहिले. बेकरी बाबांनी काढलेली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते दुकानातल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत, पाय स्टुलावर. पुढचं दुकान आणि गिऱ्हाइकं दादा सांभाळायचा. पाव मोजून पिशवीत भरायचं काम आत्याकडे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचंही. मागची बाजू सगळी धाकटीची: भट्टी, पीठ, आणि ज्यांच्यासाठी लोक लांबून यायचे ती फेसाची बिस्किटं.

या बिस्किटांत अंड्याचं पांढरं आणि साखर, एवढंच. पण ते पांढरं घुसळावं लागतं तांब्याच्या घंगाळात, कारण तांब्यात फेस टिकून राहतो. आणि त्यात बलकाचा एक थेंब जरी पडला तरी फेस रुसतो, कितीही हात चालवा, वर येत नाही. म्हणून धाकटी अंडं फोडताना श्वास रोखून धरायची. पांढरं बोटांच्या फटीतून खाली, बलक अलगद तळहातावर. वर्षानुवर्षं हे करून तिचे हात असे झाले होते की, आत्या म्हणायची, “ही मुलगी झोपेतही अंडी फोडील.”

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, स्वच्छ धुतलेली काचेची बरणी घेऊन. स्वेटरच्या बाह्यांवर सात रंगांचे डाग आणि अंगाला व्हिनेगरचा बारीक वास. सार्वजनिक वाचनालयातल्या वाचनाच्या खोलीत लाकडी फळ्यांवर चित्रं काढायचं काम त्याला मिळालं होतं. रोज हाताळतो त्या वस्तूंची चित्रं: मीठ, साबण, काच, सुई, कागद, पाव. वाळूची काच कशी होते, चरबी आणि राखेतून साबण कसा आला, असं सगळं. आणि रंगाची पूड कालवायला त्याला तेल नको होतं, बलक हवा होता.

“अंड्याने चित्र काढतात?” धाकटीला वाटलं, हा थट्टा करतोय.

“तेलाचे रंग रुळायच्या आधी असंच काढायचे. शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, अजून टवटवीत.”

“पण मग निळा रंग हिरवा नाही होत? पिवळं मिसळल्यावर?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता,” तो म्हणाला. “बलकाचा पिवळेपणा थोड्या दिवसांत उडून जातो. निळा निळाच राहतो.”

मग त्याने एक बलक उचलला, या तळहातावरून त्या तळहातावर लोळवत कोरडा केला, त्याचं तलम कातडं दोन बोटांत धरून उचललं आणि खालून टोचलं. आतला रस बरणीत उतरला, कातडं बोटांत राहिलं. धाकटीने एवढ्या हलक्या हाताचा दुसरा माणूस पाहिला नव्हता. तिने घंगाळ पुढे ओढलं आणि उगाचच जोरजोरात घुसळायला लागली.

आत्याने त्याच दिवशी त्याचं बारसं केलं. बलकवाला.

बलकवाला रोज दुपारी यायचा. बरणी भरायला किती वेळ लागतो? पण तो बसायचा पिठाच्या पोत्यावर आणि सांगत राहायचा. काळा रंग वेलींच्या कोळशाचा होतो, हिरवा एका दगडाचा. बलकात कालवलेला रंग झटकन वाळतो, पुसता येत नाही, एकात एक मिसळून चालत नाही. केसासारख्या बारीक रेघा शेजारी शेजारी ओढत बसायचं, दिवसच्या दिवस.

“म्हणजे चुकलं तर?”

“चुकलं तर चुकीसकट पुढे जायचं.”

“बरंय बाई तुमचं. आमचं चुकलं की गिऱ्हाईक परत आणून आपटतं.”

तो हसला की डोळ्यांशेजारी सुरकुत्या पडायच्या. धाकटी त्या बघायची आणि मग भट्टीचं दार उगाच उघडून बंद करायची. तोंड लाल झालं तर भट्टीवर ढकलता यायचं.

एके दिवशी तो पोत्यावर बसलाच नाही. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

“पावाच्या फळीवर कुणीतरी माणूस हवं. मी म्हणत होतो... तुमचे हात काढले तर चालतील?”

“नुसते हात?”

“नाही, म्हणजे... हातांना कुणीतरी असायला हवं ना.”

“मग सरळ सांगा की, तोंड पण हवंय म्हणून.”

“हवंय,” तो म्हणाला, आणि या वेळी लाल व्हायची पाळी त्याची होती. त्याच्याजवळ तर भट्टीही नव्हती.

बिस्किटं वाळायला ठेवली की दुपारी ती वाचनालयात जाऊन बसू लागली, बाह्या कोपरापर्यंत सारून, कपाळावर पीठ तसंच. वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे पत्रांच्या वरून डोकावायचे. बलकवाला तिच्याकडे बघायचा, एक रेघ ओढायचा, पुन्हा बघायचा. इतकं निवांत, इतकं लक्ष देऊन तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला कुठे बघावं कळेना. चौथ्या दिवशी तीही त्याच्याकडे बघायला लागली.

फळी पुरी झाली आणि गवगवा झाला. भट्टीच्या उजेडात एक बाई, हातात तांब्याचं घंगाळ, नजर सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. लोक म्हणाले, अरे, ही तर बेकरीवाल्यांची धाकटी. वाचनालयाच्या अध्यक्षांना मात्र ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, बेकरीवाला म्हटलं की पुरुष डोळ्यांपुढे येतो. ही कोण पोरगी बाह्या वर करून उभी? त्यांनी दादाजवळ विषय काढला, आणि दादाला आधीच झोंबलं होतं. पाव विकणारा तो, शटर उघडणारा तो, लोक नमस्कार करतात ते त्याला. भिंतीवर यायचंच तर मालकाने यावं, की परक्या माणसापुढे जाऊन बसणाऱ्या बहिणीने? हे दुसरं त्याने बोलून दाखवलं, पहिलं नाही. पण आत्याला दोन्ही ऐकू आलं.

अध्यक्षांनी तोडगा काढला. चित्र राहू द्या, फक्त मिशी काढा.

बलकवाला त्या दुपारी बोळात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मिशी काढायला आपण साफ नकार दिल्याचं त्याने सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, “पण तुम्हाला घरी त्रास होणार असेल तर... मी चेहरा बदलतो. दुसऱ्या कुणाचा तरी—”

धाकटीने घंगाळ दाणकन खाली ठेवलं. “तू माझ्या तोंडाला हात लावून तर बघ.”

आजवर अहो-जाहो चाललेलं. तो ‘तू’ दोघांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि कुणीच त्याला जा म्हणेना.

“नाही लावत,” तो हळूच म्हणाला. “तू सांगितल्यावर... कसा लावीन.”

दुसऱ्या दिवशी दादा मागे आला आणि त्याने फर्मान काढलं. त्या माणसाला बलक द्यायचे नाहीत, गटारात ओतायचे, आणि त्याने मागच्या दाराशी दिसायचं नाही. धाकटीने ऐकून घेतलं. अंडी फोडून झाली तसं तिने बलकांचं पातेलं उचललं आणि मागच्या दाराकडे न जाता आतल्या दाराने दुकानात आली. झाकण न ठेवता, दोन्ही हातांनी पुढे धरून. गिऱ्हाइकं बाजूला झाली. दादा, “कुठे निघालीस?” म्हणेपर्यंत ती पुढच्या दारातून रस्त्यावर उतरली होती. भर बाजारातून, भर दुपारी, पिवळेधमक बलक हिंदकळत ती वाचनालयापर्यंत चालत गेली.

आत अध्यक्ष आणि मंडळी मिशीचा निकाल लावायला फळीसमोरच बसली होती. बलकवाला भिंतीला टेकून उभा होता, ब्रश खिशात. धाकटीने पातेलं त्यांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवलं.

“हे तोंड माझं आहे. पाव मी करते, हे गावाला ठाऊक आहे. मिशीच हवी असेल तर आधी त्या मिशीला पहाटे उठून भट्टी पेटवायला सांगा.”

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. ग्रंथपाल बाईंना एकाएकी खोकला आला. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि चित्रावर तूर्त पडदा टाकायचं ठरवून सभा उरकली.

पडदा लागला खरा. पण पडद्यामागे काय आहे ते बघायला, कधी वाचनालयाचं तोंड न पाहिलेली माणसंही येऊ लागली. मुलं पडदा उचलायची, आया उचलायच्या, म्हातारे तर रोजच. महिन्याभरात पडद्याची कड बोटांनी काळी झाली. ग्रंथपाल बाईंनी तो धुवायला म्हणून काढला. पडदा अजून वाळला नाही, असं त्या आजही सांगतात.

दादा घरात धाकटीशी बोलत नव्हता. बाबा कुणाशीच फार बोलत नसत, त्यामुळे त्यांचं काय म्हणणं ते कळत नव्हतं. धाकटी मात्र रोज पुढच्याच दाराने बलक घेऊन जायची. दादाने एकदा दार अडवलं, तर आत्या म्हणाली, “सरक की रे, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

आणि मग शेवटची फळी संपली. बलकवाल्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं, एका नाटकगृहाचं छत. मधल्या दिवसांत बेकरीतून नेलेल्या बरण्या परत द्यायला तो बोळात आला. खरं तर आदल्या दिवशीही तो बरणी द्यायलाच आला होता, आणि त्याच्या आदल्या दिवशीही. एका वेळी एक.

“परत कधी येणार?” धाकटीने विचारलं.

“तिकडचं काम संपलं की... बघू.”

“बघू म्हणजे?”

“म्हणजे माझं काय, आज इथे, उद्या तिथे. तुझी भट्टी काही उचलून नेता येत नाही.”

“भट्टी उचल म्हणाले का मी?”

तो बरणीचं झाकण उघडत होता, लावत होता. बोळात ऊन तिरपं आलं होतं आणि त्याच्या भुवईवर हिरवा रंग वाळला होता. धाकटीला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी कळलं की हा माणूस गेला तर दुपार नुसती दुपार उरेल.

“हे बघ,” ती म्हणाली, “तुला काही विचारायचं असेल तर विचार. नाहीतर मी विचारते.”

“मी...”

“लग्न करणार का माझ्याशी?”

त्याने बरणी खाली ठेवली. फार जपून, जणू तीच फुटणार होती. “तीन दिवस,” तो म्हणाला, “तीन दिवस मी हेच विचारायला येतोय. आणि बरणी देऊन परत जातोय.”

“मग?”

“मग काय... हो. हो ना.”

तिचे हात अंड्याने चिकट झाले होते. त्याच हाताने तिने त्याचा हात धरला आणि त्याला आत ओढलं, भट्टीवरून, पिठाच्या पोत्यांमधून, आतल्या दाराने सरळ दुकानात. संध्याकाळच्या पावाची रांग लागली होती.

“बाबा, दादा, आत्या,” धाकटी म्हणाली, “आम्ही लग्न करतोय.”

दादाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. “हे काय दुकानात बोलायचं असतं?”

“घरी बोलले असते तर तू दार लावून घेतलं असतंस.”

“आणि हा फिरता माणूस. याच्यामागे तू गावोगाव फिरणार? मग भट्टी?”

“भट्टी माझी आहे, ती मी सोडणार नाही. आणि ह्यालाही सोडणार नाही. हा कामाला जाईल आणि घरी येईल. सगळे पुरुष जातात-येतात तसाच, फक्त जरा लांब.”

रांगेत कुणी हललं नाही. दादाने बाबांकडे पाहिलं, निदान त्यांनी तरी काही बोलावं म्हणून. बाबांनी दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलून जमिनीवर ठेवला, मग दुसरा. रिकामं झालेलं स्टूल काठीने बलकवाल्याकडे सरकवलं.

“बसा,” ते म्हणाले.

रांगेतल्या पहिल्या बाईकडे वळून दादाने जरा जास्तच मोठ्याने विचारलं, काय हवं.

“मला घाई नाही,” बाई म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून निवांत बघत उभी राहिली.

बलकवाला स्टुलावर अवघडून बसला. त्याचा हात अजून धाकटीच्या हातात होता. सगळं दुकान बघत होतं, दादा बघत होता, रस्त्यावरून जाणारे काचेतून बघत होते. धाकटीने हात सोडला नाही.